आला तो आकडा

आमच्या ओरुरो गावच्या तंत्रशाळेत कागदोपत्री सेनोबिया आयाविरी ही एकोणीस वर्षं भांडारपाल होती. म्हणजे स्क्रू, वायरी, फ्यूज आणि टेबलं पुसायची फडकी यांची मालकीण. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत जे काही शिकवलं जाई ते तीच शिकवत होती, आणि हे रेक्टरपासून फाटकावरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कागदाला ठाऊक नव्हतं. प्रयोगवहीत प्रत्येक पानाखाली शिक्षकाच्या सहीची जागा असे, तिथे इंजिनियर मुर्गिया दर शनिवारी येऊन न वाचता सह्या ठोकून जात. माणूस वाईट नव्हता. त्याला तीन शाळा होत्या, दोन संसार होते आणि मोटार मात्र एकच, तीही जुनी. त्यामुळे तो कुठेच वेळेवर पोचत नसे.

पोरं सेनोबियाला आदरानं दोन्या सेनो, म्हणजे सेनोबाई, म्हणत. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या, अंगात तीन लोकरी जाकिटं एकावर एक, आणि सगळ्यात वरच्या जाकिटाच्या खिशात छोटा चिमटा. आमच्या गावात दुपारी ऊन कातडी भाजतं आणि सावलीत पाय ठेवला की दात वाजतात, त्यामुळे तीन जाकिटांचं कुणाला नवल वाटत नाही. चिमट्याचं वाटायचं. बाजारात बटाटे निवडतानाही ती तो काढते, असं पोरं एकमेकांना सांगत. ते खरं होतं, पण एकदाच.

ती शिकली कशी, ते सांगायलाच हवं. नवरा सीमेपलीकडे इकिकेला काम शोधायला गेला आणि तिथेच रमला, तेव्हा चौतिसाव्या वर्षी तिनं ही नोकरी धरली. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे एक कपाट उघडलं गेलं. बासष्ट खण, आणि सगळ्या खणांत सगळं. आधीच्या भांडारपालानं वीस वर्षं पोरांनी परत केलेला माल मूठमूठ करून, जिथे जागा दिसेल तिथे ओतला होता. त्यात बहुतेक रेझिस्टन्स होते, तांदळाच्या दाण्याएवढे, अंगावर रंगीत पट्ट्या. त्या पट्ट्यांवरून कोणता दाणा विजेला किती अडवतो ते ओळखायचं असतं.

"हे जरा लावून घ्या," तेव्हाचे रेक्टर म्हणाले. "घाई नाही."

घाई नाही म्हणाले म्हणून तिनं चौदा महिने घेतले. कपाटाच्या दारावर रंगांचा तक्ता चिकटवलेला होता, पण त्या खोलीतल्या पिवळट दिव्याखाली तांबडा, तपकिरी आणि नारिंगी हे तिन्ही रंग सख्खे भाऊ वाटत. म्हणून तिनं तक्त्याचा नाद सोडला आणि एक टाकाऊ मीटर उचलून दाणा अन् दाणा मोजायला घेतला. चाळीस हजारांच्या वर. मोजता मोजता तिच्या लक्षात यायला लागलं की सकाळी थंडीत एक आकडा येतो आणि दुपारी उन्हाच्या कवडशात तोच दाणा दुसरा आकडा सांगतो. मोठ्या आकड्याचे दाणे तर दर खेपेला थोडे कमीच भरत. चार दिवस तिनं मीटरला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी तिला कळलं की दाण्याची दोन्ही टोकं आपण बोटांनी धरतो, आणि थोडी वीज दाण्यातून न जाता आपल्याच अंगातून जाते. मोजणारी बाई मोजमापात आली होती. हे कळल्यावर ती इतकी खूश झाली की मधल्या सुट्टीत तिनं शिपायाला, स्वयंपाकिणीला आणि इतिहासाच्या मास्तरांना आपापल्या बोटांनी ते करून बघायला लावलं. मास्तरांना काही समजलं नाही, पण ते हो हो म्हणाले.

तिथून पुढे रेझिस्टन्स झाले, कपॅसिटर झाले, ट्रान्झिस्टर झाले. जे जे खणात आलं ते ते तिनं बॅटरीला लावून, तापवून, गार करून, कधी जाळून पाहिलं. पुस्तकं नंतर आली. मुर्गिया न आलेल्या तासांना पोरं भांडाराच्या खिडकीशी येऊन विचारायची, ती खिडकीतूनच सांगायची. मग एक दिवस खिडकीतून सांगणं जमेना म्हणून ती बाहेर आली, आणि पुन्हा आत गेलीच नाही.

तिची शिकवण्याची रीत तिची स्वतःची होती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ती मीटरचे दोन्ही प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, हातांत धरायला लावायची आणि ज्याचा त्याचा आकडा लिहून घ्यायची. मग त्यांना पळत मैदानाला फेरी मारायला पाठवायची, घामेजलेल्या हातांनी पुन्हा आकडा. मग कोपऱ्यावरून आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, पिऊन या, पुन्हा आकडा. तास संपेपर्यंत पोरांना एवढं कळलेलं असायचं की आकडा ही कायमची गोष्ट नाही.

वहीचा नियम मात्र कडक. सर्किट जोडायच्या आधी गणित करून कुठे किती व्होल्ट येतील ते पेन्सिलीनं लिहायचं. जोडून झालं, मोजलं, की जे येईल ते त्याच्याशेजारी पेनानं लिहायचं. पेन्सिल खोडायची नाही आणि पेन गिरवायचं नाही. दोहोंत फरक पडला तर का पडला ते शोधायचं, आणि खरा धडा तोच.

"पेन्सिल म्हणजे तुम्ही," ती म्हणायची. "पेन म्हणजे सर्किट. सर्किटला तुमची भीड नाही."

एकदा एका पोरानं पानभर असे आकडे लिहून आणले की पेन्सिल आणि पेन जुळ्या बहिणी. दोन्या सेनोनं पान बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"काय गुणी सर्किट आहे रे तुझं," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत असं एकही भेटलं नाही मला. जा, घेऊन ये, पाया पडते त्याच्या."

सर्किट जोडलेलंच नव्हतं. पोराला तो प्रयोग नऊ वेळा करावा लागला. तो पोरगा आज पोतोसीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ही गोष्ट स्वतःच सांगतो.

मग दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला. प्रयोगशाळेत टेबलाशी उभं राहून शिकवणाऱ्याकडे तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र हवं. ज्यांनी शिक्षण घेतलं नाही पण काम येतं, त्यांच्यासाठी एक प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली होती. परीक्षक राजधानीतून, ला पासहून येणार, गुण शंभर, उत्तीर्ण व्हायला सत्तर. पास झाली तर दोन्या सेनो शिक्षिका, सही तिची. नापास झाली तर प्रयोगशाळेच्या किल्ल्या दुसऱ्याकडे, आणि तिनं भांडाराच्या खिडकीमागे बसून चिठ्ठीवर वस्तू द्यायच्या. रेक्टरनं हे तिला शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

"म्हणजे पुन्हा आत," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं कुणाला काही शिकवलं नाही. टेबलं पुसत बसली.

परीक्षा ठरली कार्निव्हलनंतरच्या गुरुवारी. आमच्या गावात ही तारीख कुणी शहाणा ठरवणार नाही, कारण कार्निव्हल म्हणजे चार दिवस बँड, नाच आणि पाण्याचे फुगे. पण तारखा ला पासमध्ये ठरतात.

कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी चाल्या असते. खाणी, कारखाने, दुकानं, कचेऱ्या, जिथे जिथे माणूस भाकरी कमावतो तिथे तिथे धरणीला, पाचामामाला, तिचा वाटा पाजायचा. बिअर, सिंगानी ही द्राक्षांची दारू, जे असेल ते ओतायचं, यंत्रांवर रंगीत कागदाच्या फिती टाकायच्या, फुलं, कंफेटी, मिठाई. यंत्राला वर्षभर राबवलंय, त्याला एक दिवस प्यायला घालायलाच हवं. हे न करणारा माणूस ओरुरोत शोधून सापडायचा नाही, आणि दोन्या सेनोही करत होती. फक्त सहा वर्षांपूर्वी पोरांनी भक्तिभावानं ऑसिलोस्कोपच्या जाळीतून बिअर आत ओतली होती, आणि दुसऱ्या दिवशी चालू करताच त्यातून असा वास आला की दोन तास वर्ग मैदानावर भरवावा लागला. तेव्हापासून तिचा कायदा होता. सगळी उपकरणं प्लास्टिकखाली. फिती प्लास्टिकवर टाका. ओतायचं ते फक्त जमिनीवर, चार कोपऱ्यांत आणि उंबऱ्याशी.

त्या वर्षी चाल्याला तिची आई आली होती. दोन्या सातुर्निना, एक्याऐंशी वर्षांची, हॅट जराशी तिरपी, घेरदार पोयेरा घागरा, आणि शालीत गुंडाळलेली काचेची बाटली. चाळीस वर्षं तिनं स्टेशनच्या कोपऱ्यावर थंडीत ते-कोन-ते विकलं होतं, म्हणजे दालचिनीचा कढत चहा, त्यात सिंगानी, साखर आणि लिंबू. गावातले अर्धे न्यायाधीश आणि सगळे वाजंत्री तिच्याच पेल्यांवर वाढले. लेक शाळेत नेमकं काय करते ते मात्र तिला कधी उमगलं नव्हतं. ती त्याला 'तुझी ती मोजणी' म्हणायची.

"इतकी वर्षं मोजतेस," ती म्हणायची. "अजून संपलं नाही का मोजून?"

त्या शुक्रवारी खुर्चीत बसून तिनं प्लास्टिकखालची टेबलं बघितली आणि नाक मुरडलं.

"पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या तोंडाला पिशवी बांधायची. कुठली रीत ही?"

"आई, ओलं झालं की बिघडतात ती."

"तुझा बाप पंचवीस वर्षं खाणीत ओल्यातच काम करत होता. आणि गुरुवारी तू बसणार ते कुठलं यात?"

"ती पांढरी पाटी, खिडकीकडची. हात लावू नकोस."

ती पाटी म्हणजे ब्रेडबोर्ड. बारीक भोकांच्या रांगा असलेली, सोल्डरिंग न करता नुसते पाय खोचून सर्किट जोडायची. पाटी तिची स्वतःची होती, परीक्षेला आपलीच पाटी आणि आपलाच मीटर वापरायची मुभा होती. तेवढ्यात रेक्टरनं फोटोसाठी सगळ्यांना अंगणात बोलावलं. दोन्या सातुर्निनाचे गुडघे दुखत होते म्हणून ती खुर्चीतच राहिली. फोटोला पाच मिनिटं लागली, म्हणजे आमच्याकडची पाच मिनिटं, तासाभराहून थोडी कमी.

गुरुवारी सकाळी नऊला परीक्षक आली. इंजिनियर इवाना तोर्दोया, तिशीतली, गळ्याशी मफलर, नाक सर्दीनं लाल, हातात कुलूप लावलेली पेटी. बोलणं मोजकं. परीक्षेचे तीन भाग होते. दिलेलं सर्किट बांधून मोजणं, पन्नास गुण. तिनं पेटीत आणलेल्या बिघडलेल्या बोर्डातला दोष शोधणं, तीस गुण. अहवाल आणि कामाची शिस्त, वीस गुण. वेळ तीन तास.

"काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा," ती म्हणाली.

"आपी घेणार का? सर्दीला बरी."

"परीक्षेनंतर."

दाराच्या काचेला बाहेरून पोरांची नाकं चिकटलेली होती. सगळ्यांत पुढे होसेलिन कोल्के, शेवटच्या वर्षातली, जिनं दोन्या सेनोच्या नावानं सोकावोनच्या मातेला मेणबत्ती बोलली होती आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं होतं.

सर्किट साधंच होतं. एका ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, बारा व्होल्टवर चालणारा. दोन्या सेनोनं गणित केलं आणि ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाशी किती व्होल्ट यावेत ते पेन्सिलीनं लिहिलं. सहा पूर्णांक दोन. वीस मिनिटांत जोडून झालं, सगळ्या वायरी बसक्या, रांगेत. वीज दिली, प्रोब टेकवला.

चार पूर्णांक सात.

तिनं प्रोब उचलून पुन्हा टेकवला. चार सात. एवढा फरक चालणार नव्हता, पाच टक्क्यांपर्यंतच माफी होती. तिनं वीज बंद करून एकेक दाणा काढून मोजला, सगळे बरोबर. तिच्याच कपाटातले, तिच्याच हातून गेलेले, ते चुकणार कसे. ट्रान्झिस्टर बदलला. चार सहा. थोड्या वेळानं चार आठ. मग पुन्हा चार सात. आकडा एका जागी उभाच राहत नव्हता.

दीड तास गेला. आणि त्याच वेळी इंजिनियरबाई नाक शिंकरत खिडकीपाशी गेल्या आणि रस्त्यावर उशिरा परतणारा एक बँड बघत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

समोर कागद होता. पेन्सिलीत सहा दोन, त्याच्याशेजारी पेनाची रिकामी चौकट. या परीक्षक स्वतः पुन्हा मोजत नाहीत, कागद घेतात आणि पुढे जातात, हे आदल्या दिवशी परीक्षा दिलेल्या वेल्डिंगच्या माणसानं सांगितलंच होतं. सहा पूर्णांक एक असं लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. संशय नको म्हणून एक कमी. पोरं हीच युक्ती करतात, तिनं एकोणीस वर्षं पकडलेली. खिडकीमागचं ते स्टूल तिच्या डोळ्यांसमोर आलं, त्याचा तिसरा पाय डुगडुगतो तेही आठवलं. दोन्या सेनो काही देवी नव्हती. तिनं पेन उघडलं तेव्हा काय लिहायचं हे तिचं तिलाही नक्की नव्हतं, असं तिनं पुढे होसेलिनला कबूल केलं.

तिनं लिहिलं चार पूर्णांक सात. सात जरा वाकडा आला.

लिहून झाल्यावर मात्र तिचं डोकं शांत झालं. आता लपवायचं काही नव्हतं, शोधायचंच होतं. एका जागी उभी राहणारी चूक कुणाच्या तरी हातची असते, हलणारी चूक उष्णतेची, ओलीची किंवा बोटाची, हे ती पोरांना नेहमी सांगायची. तिनं वीज काढली आणि पाटीवरचं सगळं उपटून टाकलं. पाटी कोरी. मीटर सगळ्यात वरच्या पल्ल्यावर लावला आणि दोन शेजारच्या रिकाम्या रांगांत प्रोब खोचले. तिथे काहीच नाही, दोन रांगांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणजे मीटरनं काहीच दाखवायला नको.

मीटर म्हणाला दोन मेगओहम.

तिनं पाटीवर हळूच तोंडाची वाफ सोडली. आकडा घसरला, दीडवर आला. मग हळूहळू पुन्हा चढायला लागला.

"काय करताय?" मागून इंजिनियरबाईंचा आवाज आला.

"रिकाम्या पाटीतून वीज झिरपतेय. आत ओल आहे, चिकट. पावसाची असती तर सहा दिवसांत सुकली असती. ही साखरेची आहे, हवेतलं पाणी ओढून घेते."

"साखर? ब्रेडबोर्डमध्ये?"

दोन्या सेनोनं पाटी नाकाशी नेली. आधी दालचिनी आली. मग लिंबू. आणि त्याच्या मागून जळक्या साखरेचा आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा तो वास, जो ओरुरोत एकाच बाटलीत असतो. आठ वर्षांची असल्यापासून, खोकला झाला की, परीक्षा असली की, बाप कामावरून उशिरा आला की, तिला त्याचा एक घोट मिळालेला होता.

तिला आईचा असा राग आला की तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. मग डोळ्यांसमोर आलं की म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी खुर्चीतून उठतेय, दाराकडे बघतेय, प्लास्टिकचं टोक उचलतेय. राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले, आणि ते सर्दीवाल्या बाईसमोर पुसायची चोरी म्हणून तिनं चष्मा पुसायला घेतला.

"शुक्रवारी चाल्या झाली," ती म्हणाली.

"चाल्या आम्हीही करतो. मोटारीची करतो, घराची करतो." इंजिनियरबाईंनी स्वतःचा मीटर काढून त्या दोन रांगांत लावला, आकडा बघितला आणि खुर्ची ओढून बसल्या. "पण ब्रेडबोर्डला पाजलेलं पहिल्यांदाच बघतेय. कुणी केलं?"

दोन्या सेनोनं चष्मा आणखी एकदा पुसला.

"हे बघा," इंजिनियरबाई म्हणाल्या. "अहवालात दोषाचं कारण लिहायचंय आणि कुणामुळे घडलं तेही. तुम्हाला न कळत दुसऱ्या कुणी केलं असेल, तर त्याचं नाव लिहा. मग ही पहिली मोजणी मी रद्द करते, नव्या पाटीवर पुन्हा करा, एक गुणही जायचा नाही. त्या माणसाचं नाव शाळेच्या फलकावर लागेल, पुढे प्रवेश बंद, एवढंच. तुमच्याच हातून घडलं असेल तर चार सात हीच तुमची पहिली मोजणी. शिस्तीचे गुण जवळजवळ सगळे जातील आणि तुम्ही काठावर याल."

"काठावर म्हणजे अलीकडे की पलीकडे?"

"ते मोजल्यावर कळेल."

आईला वाचता येत नव्हतं. पण फलकावर नाव लागलं की संध्याकाळच्या आत निदान दहा जणी तिला ते घरी येऊन वाचून दाखवतील, ही आमच्या गावाची तत्परता. नाव लागलं त्याचं म्हातारीला फारसं काही वाटलं नसतं. तिनं लेकीच्या परीक्षेसाठी पाजलं आणि त्यानंच लेकीची परीक्षा बिघडली, हे मात्र कुणीतरी तिला समजावून सांगितलं असतं.

"मी ओतलं," दोन्या सेनो म्हणाली.

"तुम्ही? प्लास्टिक घालायचा नियम तुमचा, आणि उचलून ओतणाऱ्या तुम्हीच?"

"कार्निव्हल होता, इंजिनियरबाई."

इंजिनियरबाईंनी पाटी स्वतःच्या नाकाशी नेली. सर्दी असूनही त्यांना काहीतरी आलं असावं.

"घरचं दिसतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "कुणीतरी मन लावून केलेलं."

"पेन संपलंय माझं. तुमचं द्या जरा."

आणि तिनं लिहिलं. दोषाचं कारण, ब्रेडबोर्डमध्ये दालचिनी चहा, सिंगानी, साखर, लिंबू. शेजारच्या रांगांत गळती अंदाजे दोन मेगओहम. कुणामुळे, सेनोबिया आयाविरी. एकोणीस वर्षांत तिच्या हातून कागदावर पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं लिहिलं गेलं, तेही पेनानं आणि सुवाच्य.

मग तिनं कपाटातून नवी पाटी काढली. पुन्हा जोडलं, पुन्हा मोजलं. सहा पूर्णांक एक पाच. वेळ संपायला अकरा मिनिटं होती आणि दोष शोधायचा भाग अजून बाकी होता. इंजिनियरबाईंनी पेटीच्या कुलपाला किल्ली लावली, थोडा विचार केला आणि किल्ली परत खिशात टाकली.

"मी आणलेल्या बोर्डात एक जळलेला रेझिस्टन्स आहे," त्या म्हणाल्या. "पाहताक्षणी दिसतो. दोष शोधायची परीक्षा झालीय तुमची, माझ्या डोळ्यांदेखत. तीसपैकी तीस."

सर्किटला पन्नासपैकी पस्तीस पडले, पहिली मोजणी हुकली म्हणून. शिस्त आणि अहवालाला वीसपैकी आठ. इंजिनियरबाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, कारण अशी माणसं दोनदा करतातच. त्र्याहत्तर.

"आता घेते आपी," त्या म्हणाल्या.

बाहेर होसेलिन रडत होती आणि बाकीचे तिला हसत होते. रेक्टरनं भाषण सुरू केलं, पण ते ऐकायला दोन्या सेनो थांबली नाही.

आई घरी उन्हात भिंतीला पाठ लावून वाटाणे सोलत बसली होती. लेक शेजारी बसली आणि तीही सोलायला लागली.

"झाली मोजणी?"

"झाली. पास झाले."

म्हातारीनं मान हलवली. त्यात आनंद होता, नवल अजिबात नव्हतं.

"होणारच होतीस. तुला सांगितलं नाही, ओरडली असतीस. शुक्रवारी तू फोटोला गेलीस ना, तेव्हा मी तुझ्या त्या पाटीला पाजलं. अर्धी बाटली. भोकाभोकात."

"ओरडले असते खरी."

"ओरडली असतीस तरी पाजलं असतं." म्हातारीची बोटं थांबली. "तुझ्या बापाचा दिवा आणि पहार मी दर वर्षी पाजत होते, दाराशी, तो निघायच्या आधी. एकाच वर्षी नाही जमलं. तू पोटात होतीस, उलट्यांनी उठवत नव्हतं, आणि तो म्हणाला राहू दे, एका वर्षानं काय होतंय. कोरडा गेला." तिनं एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "ज्या वर्षी खाणीतली वरची गॅलरी खचली ते वर्ष. तो वाचला, पण त्याच्याबरोबर माझा भाऊ होता, तो नाही वाचला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझी पाटी कोरडी बघितली आणि माझा जीव वरखाली झाला."

दोन्या सेनोला मामा होता हेच तोवर माहीत नव्हतं. ती आईला चिकटून बसली.

"लागू पडलं ना पण?" म्हातारीनं विचारलं. "नीट आतपर्यंत गेलं होतं ना? मला वाटत होतं कमी पडतं की काय."

"नाही आई," दोन्या सेनो म्हणाली. "पार आतपर्यंत गेलं होतं. मी मोजलं."